पिक्चरवर चिडा, पण कशावर ते तरी बघा

हॅरी पॉटरचे डोळे पुस्तकात हिरवे आहेत आणि सिनेमात निळे. यावरून फॅन लोकांनी नेटवर जेवढं लिहिलंय तेवढ्यात अजून एक जाडजूड पुस्तक झालं असतं. कारण अगदी साधं होतं, डॅनियल रॅडक्लिफला हिरव्या लेन्सचा त्रास व्हायला लागला, लहान पोरगा तो, त्याला किती छळणार. मग निर्मात्याने लेखिकेलाच विचारलं की डोळे हिरवेच पाहिजेत का, तर तिचं म्हणणं पडलं की रंगाचं काही नाही, फक्त आईच्या डोळ्यांसारखे दिसले पाहिजेत. विषय इथे मिटायला हवा होता. पण २०११ च्या शेवटच्या भागात हॅरीचा शिक्षक स्नेप मरतामरता हॅरीला सांगतो की तुझे डोळे तुझ्या आईसारखे आहेत, आणि लगेच पुढे त्याच्या आठवणींमध्ये हॅरीची आई लिली लहानपणीची दिसते तिचे डोळे चक्क तपकिरी!

आता बघा, तक्रार डोळ्यांचीच आहे पण त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. "डोळे हिरवे का नाहीत" हा नुसता हट्ट झाला. "मायलेकांचे डोळे जुळत का नाहीत" ही मात्र खरी टीका आहे, कारण स्नेपने इतकी वर्षं त्या पोराचा राग राग केला आणि तरी त्याला जपलं, त्यातलं अर्धं गुपित त्या डोळ्यांत आहे. लेखिकेने नेमकी तेवढीच एक अट घातली होती आणि ऐन मोक्याच्या सीनला तीच कुणाच्या लक्षात राहिली नाही.

मला या सगळ्या "पुस्तकात असं नव्हतं" प्रकरणाबद्दल म्हणायचंय ते हेच. फॅन चिडतात यात काही चूक नाही, चिडायलाच पाहिजे, पण बहुतेक वेळा ते हट्टाच्या गोष्टींवर चिडतात आणि टीकेच्या गोष्टी तशाच सुटून जातात. आणि याचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होतो तर स्टुडिओला. ते कसं ते पुढे सांगते.

आधी ती यादी घेऊ, काय काय गाळलं त्याची. लॉर्ड ऑफ द रिंग्समधून टॉम बॉम्बाडिल हे पात्र गायब, शेवटी हॉबिट, म्हणजे कथेतली ती बुटकी माणसं, घरी परत येतात तेव्हा त्यांच्या शायरची जी दुर्दशा झालेली असते तो सगळा भाग गायब. हॅरी पॉटरमधला पीव्हज नावाचं खोडकर भूत तर शूट होऊनसुद्धा कापलं, रिक मेयॉलसारखा नट घेऊन. पाचवं पुस्तक सातांमधलं सगळ्यात जाड आणि त्याचा सिनेमा आठांमधल्या सगळ्यात छोट्यांपैकी एक. अशा याद्या करायला मजा येते हे मान्य, पण यादी म्हणजे टीका नव्हे. हजार पानांचं पुस्तक तीन तासांत बसवायचं तर कापाकापी होणारच, प्रश्न एवढाच की कापणाऱ्याला काय ठेवायचं ते कळलंय का.

आणि गंमत म्हणजे हे खुद्द लॉर्ड ऑफ द रिंग्सच्या लेखकाने, टोल्किनने सांगून ठेवलंय. १९५८ मध्ये, म्हणजे पीटर जॅक्सनच्या सिनेमांच्या चाळीसेक वर्षं आधी, त्याच्या पुस्तकावर बेतलेली एक पटकथा त्याच्याकडे वाचायला आली होती आणि त्याने तिचा अक्षरशः पिसं काढून समाचार घेतला. ऊठसूट गरुड कशाला आणता, जिथे तिथे मारामारी कशाला घुसवता, वगैरे वगैरे. पण त्यातच त्याने असंही लिहिलं की हेल्म्स डीपची लढाई आणि एंट, म्हणजे ते चालणारे बोलणारे वृक्ष, या दोघांनाही पुरेशी जागा देता येत नसेल तर एक काढून टाका, आणि काढायचीच तर लढाई काढा, मूळ कथेच्या हिशोबाने ती बाजूचीच आहे. आता २००२ चा दुसरा भाग आठवा. त्या सिनेमाचा सगळा डोलारा हेल्म्स डीपवर, पाऊस काय, तटबंदी काय, शिड्या काय, लोक आजही फक्त तेवढी लढाई परत लावून बघतात. लेखकाच्या मते जे सगळ्यात आधी काढायला हरकत नव्हती त्याचाच सिनेमाने कळस केला, आणि तो कळस फॅन लोकांनी डोक्यावर घेतला! तेव्हा "लेखकाला काय वाटलं असतं" असं म्हणून गळे काढणाऱ्यांनी जरा जपून, लेखकाला काय वाटत होतं ते लिहून ठेवलेलं आहे आणि ते आपल्याला दरवेळी सोयीचं असेलच असं नाही.

त्याच सिनेमात फॅरामिर नावाचा एक सरदार आहे. माझा राग त्याच्यावर आहे, म्हणजे त्याच्यावर नाही, त्याचं जे केलं त्यावर. पुस्तकात काय होतं, अंगठी घेऊन निघालेले फ्रोडो आणि सॅम हे दोन हॉबिट त्याच्या तावडीत सापडतात, बोलता बोलता सॅमच्या तोंडून अंगठीचं निघून जातं, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो की आता संपलं, कारण याच फॅरामिरचा सख्खा भाऊ बोरोमिर त्या अंगठीच्या मोहात पडून आधी वाया गेलेला असतो. आणि हा पठ्ठ्या म्हणतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली सापडली असती तरी मी उचलली नसती, हे मी आधीच म्हटलंय आणि मी शब्दाचा पक्का आहे. त्यांना खायला घालतो, झोपू देतो, वाटेला लावतो. तेवढ्या दोन पानांत कळतं की माणसं सगळी एका माळेचे मणी नसतात, एकाच घरात वाढलेले दोन भाऊसुद्धा.

सिनेमातला फॅरामिर त्यांना बांधून ऑस्गिलिअथला नेतो, अंगठी बापाला नजर करायला, आणि मग तिथे गेल्यावर त्याला उपरती होते. यावर फॅन तेव्हा प्रचंड भडकले होते. पण सिनेमावाल्यांनी याची कारणं सांगितलीत आणि ती कारणं फालतू नाहीत. एक म्हणजे दोन भाग भरून आपण सांगतोय की या अंगठीपुढे भलेभले टिकत नाहीत, आणि अचानक एक जण येऊन सरळ नको म्हणतो, तर प्रेक्षकाची भीतीच निघून जाईल. दुसरं म्हणजे शेलॉब कोळिणीचा प्रसंग त्यांनी तिसऱ्या भागात ढकलला होता, मग दुसऱ्या भागात फ्रोडोच्या वाट्याला शेवटी काहीतरी अडचण हवी होती. मला हे पटत नाही. माझ्या मते ज्याला अंगठी नको असते असा एक माणूस दाखवल्यानेच ती ज्यांना हवी असते त्यांची खरी किंमत कळते. पण हा वाद घालण्यासारखा आहे, समोरच्याने विचार केलाय आणि तो विचार माझ्यापेक्षा वेगळा निघाला इतकंच.

पुस्तक म्हणजे काही दगडावरची रेघ नसते हेही लक्षात घ्या. टोल्किनचं आधीचं पुस्तक हॉबिट १९३७ मध्ये आलं तेव्हा त्यात गोलम, म्हणजे ज्याच्याकडे आधी ती अंगठी होती तो, अगदी वेगळा होता, कोड्यांची पैज हरला तर अंगठी खुशीने बक्षीस द्यायला तयार असलेला. पुढे मोठी कादंबरी लिहिताना टोल्किनच्या लक्षात आलं की या अंगठीचा स्वभाव असा आहे की ती कुणी हसत हसत देऊच शकणार नाही, मग १९५१ च्या आवृत्तीत त्याने ते प्रकरणच बदलून टाकलं. आज आपण जो गोलम ओळखतो तो त्या दुरुस्तीतला. म्हणजे बदल करणं हे काही पाप नाही, लेखक स्वतः करतो, पण तो कथेचं आतलं गणित नीट बसावं म्हणून करतो.

आता याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे हॅरी पॉटरचा शेवट. हा मला फॅरामिरपेक्षा कितीतरी जास्त टोचतो आणि याच्यावर बोंब मात्र डोळ्यांपेक्षा कमी झाली असेल. पुस्तकात शेवटचा सामना ग्रेट हॉलमध्ये होतो, सगळ्यांसमोर. शिक्षक, विद्यार्थी, पालक, मेलेल्यांचे नातेवाईक, सगळे गोल करून उभे. हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट एकमेकांभोवती फिरतात आणि हॅरी काय करतो तर बोलतो, पानंच्या पानं बोलतो, त्याला त्याच्या जुन्या नावाने टॉम रिडल म्हणून हाक मारतो, तू कुठे चुकलास ते समजावून सांगतो, अगदी पश्चात्ताप कर अजून वेळ आहे असंसुद्धा सांगतो. मग एकदाच कांड्या उठतात, याचा मंत्र नि:शस्त्र करायचा आणि त्याचा मारायचा, तो त्याच्यावरच उलटतो आणि व्होल्डेमॉर्ट जमिनीवर पडतो. नुसतं प्रेत. कुठल्याही माणसाचं पडतं तसं. ज्याने मरायचं नाही म्हणून आत्म्याचे तुकडे केले, ज्याचं नावसुद्धा लोक घाबरून घेत नव्हते, तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका साध्या म्हाताऱ्यासारखा मरतो आणि सगळे बघतात की हा माणूसच होता.

सिनेमात ते दोघं किल्ल्यावरून उड्या काय मारतात, धुरात गुरफटत उडतात काय, आणि शेवटी एका मोकळ्या पटांगणात, बघायला कुणीही नाही अशा ठिकाणी व्होल्डेमॉर्टचे कागद जळाल्यासारखे कपटे कपटे होऊन हवेत विरतात. दिसायला भारी आहे, थ्रीडीमध्ये तर अजूनच भारी. पण मग हॅरी हॉलमध्ये परत येतो तेव्हा तिथल्या लोकांना कसं कळणार की तो खरंच मेला? प्रेत नाही, साक्षीदार नाही. आधी एकदा तो असाच नाहीसा झाला होता आणि परत आला होता हे तर त्या सगळ्यांना माहितीय! पुस्तकातलं ते साधं प्रेत म्हणजे अख्ख्या मालिकेचं उत्तर होतं, आणि इथे वेळ नव्हता हे कारणसुद्धा चालत नाही, कारण त्या एका पुस्तकाचे दोन सिनेमे केले होते.

म्हणून माझी चाळणी साधी आहे. काय गाळलं हे आधी विचारू नका, कुठल्या पात्राने कुठला निर्णय घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे बदललं का ते विचारा. ते शाबूत असेल तर बाकी सगळं माफ, चांदीचे बूट लाल करा नाहीतर काहीही करा. (विझर्ड ऑफ ऑझच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत, १९३९ च्या सिनेमात टेक्निकलर रंग खुलून दिसावा म्हणून ते माणकांचे लाल केले, आणि आज चांदीचे कुणाला आठवतात सांगा.)

इथे काही लोक म्हणतात की एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, पुस्तक तर कपाटात आहे ना तसंच, सिनेमा आवडला नाही तर पुस्तक वाचा. हे ऐकायला फार समजूतदार वाटतं आणि मला ते अजिबात पटत नाही. एक तर सिनेमा बघितल्यावर पुस्तकातल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे नटाचाच येतो, तो पुसता येत नाही. आणि दुसरं, अशा पुस्तकाला मोठ्या पडद्यावर यायची संधी वरचेवर मिळत नाही, एकदा हुकली की हुकली. २००७ चा द गोल्डन कंपस घ्या. पुस्तकाचा शेवट भयंकर आहे, लायरा जिवाची बाजी लावून आपल्या मित्राला सोडवून आणते, बापाकडे घेऊन जाते आणि तो बापच त्या पोराचा जीव घेतो, स्वतःच्या प्रयोगासाठी. हा शेवट शूट झाला होता. पण प्रेक्षकांना हसत घरी पाठवायचं म्हणून तो कापला आणि सिनेमा जरा आधीच थांबवला, दोघं आनंदाने बापाकडे निघालेत इथे. अमेरिकेत सिनेमा आपटला, पुढचे दोन भाग झालेच नाहीत आणि मग थेट २०१९ मध्ये मालिका आली. तेव्हा पुस्तक वाचून सिनेमाला गेलेली दहा बारा वर्षांची मुलं तोपर्यंत नोकरीला लागली असतील.

पर्सी जॅक्सनचंही तेच. पुस्तकात बारा वर्षांचा पोरगा, २०१० च्या सिनेमात चांगला मोठा कॉलेजात शोभेल असा. लेखक रिक रायर्डनने आधीच निर्मात्यांना लिहून कळवलं होतं की वय वाढवू नका, ज्या मुलांची ही पुस्तकं आहेत तीच तुटतील. ती पत्रं त्याने पुढे २०१८ मध्ये सगळ्यांना वाचायला ठेवली. दोन सिनेमांत गाडं अडकलं. वय हा वरवर बघितलं तर डोळ्यांच्या रंगासारखाच तपशील वाटतो, पण बाराव्या वर्षी आईला वाचवायला निघालेला पोरगा आणि मिसरूड फुटलेला गडी, यांच्या धाडसाला एकच वजन कसं येणार?

आता कास्टिंग. इथे मात्र फॅन मंडळींची मला लाज वाटते. २०१२ मध्ये द हंगर गेम्स आला (ती शुद्ध फँटसी नाही हे मान्य, पण किस्सा बोलका आहे) आणि त्यातल्या छोट्या रूच्या भूमिकेत अमांडला स्टेनबर्ग दिसल्यावर काही लोकांनी ट्विटरवर गरळ ओकली की रू काळी कशी, आमची रू अशी नव्हती. पुस्तकात रूची त्वचा गडद तपकिरी आहे असं स्पष्ट लिहिलंय! म्हणजे पुस्तकाशी इमान राखा म्हणून ओरडणाऱ्यांनी पुस्तकच धड वाचलं नव्हतं. २०२२ मध्ये पर्सी जॅक्सनच्या मालिकेत अ‍ॅनाबेथसाठी लिआ जेफ्रीजला घेतलं तेव्हा पुन्हा तेच, एका लहान मुलीला नको नको ते ऐकवलं, शेवटी रायर्डनला स्वतः लिहावं लागलं की हा सरळ वर्णद्वेष आहे.

यावर कुणी विचारेल की बरं, मग अ‍ॅनाबेथ पुस्तकात सोनेरी केसांची आहे तो तपशील बदलला तर चालतो, आणि अर्सुला ले ग्विनच्या अर्थसीच्या पुस्तकांवर २००४ मध्ये टीव्ही मालिका आली तेव्हा त्यात नायक गेडला गोरा केला म्हणून तीच लेखिका चिडली ते बरोबर, असं कसं? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच चाळणीत आहे. अर्थसीच्या जगात बहुतेक सगळी माणसं तपकिरी, तांबूस, काळी आहेत आणि गोरे आहेत ते बाहेरून येऊन लुटालूट करणारे, हे ले ग्विनने मुद्दाम ठरवून केलं होतं, त्या काळच्या फँटसीत सगळे नायक गोरेच असायचे म्हणून. तो रंग पुसला की तिने मांडलेला विचारच पुसला जातो. अ‍ॅनाबेथ म्हणजे तिची हुशारी, तिचा गर्व, सगळ्याचं आधी प्लॅनिंग करायची सवय, आणि ते सगळं वेगळ्या रंगाच्या मुलीतही तसंच राहतं.

आणि आता स्टुडिओच्या फायद्याचं. सिनेमा यायच्या आधीच त्याच्यावर वाईट शेरे मारण्याचे उद्योग इतके वाढले की २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोज या सिनेमांच्या रिव्ह्यूंच्या साइटला प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. २०२२ मध्ये टोल्किनच्याच जगावरची मालिका रिंग्स ऑफ पॉवर आली तेव्हा अ‍ॅमेझॉनने प्रेक्षकांचे रिव्ह्यू ७२ तास अडवून धरले, खरे खोटे तपासायला. आता या मालिकेबद्दल विचारण्यासारखे खरे प्रश्न होते. टोल्किनच्या जगात न्यूमेनॉरचं राज्य हजारो वर्षांत हळूहळू सडतं, मरणाची भीती पिढ्यान् पिढ्या वाढत जाते, राजामागून राजा तिला बळी पडतो. मालिकेने तो अख्खा काळ दाबून एका माणसाच्या आयुष्याएवढा केला. मग ती सडण्याची प्रक्रिया कुठे दिसणार? याने त्या कथेचं काय होतं यावर किती छान चर्चा झाली असती. पण ज्यांना काळी चामडी असलेले एल्फ बघवत नव्हते त्यांनी इतका धुरळा उडवला की त्यात हे प्रश्न कुणाला ऐकूच गेले नाहीत, सुक्याबरोबर ओलंही जळालं. आणि कंपनीला सोपं झालं, सगळ्या टीकाकारांना एकाच पोत्यात घालायचं आणि हात झटकायचे. मालिका लिहिणाऱ्यांवर उत्तर द्यायची पाळीच येत नाही. हे आयतं कोलीत त्यांच्या हातात आपणच दिलं.

लेखकाला आवडलं की नाही हाही निकाल मानू नये असं माझं मत आहे, जरी तसं करायचा मोह होतो. मेरी पॉपिन्सच्या पी. एल. ट्रॅव्हर्सला सिनेमाचा संताप होता, तो सिनेमा पिढ्यांनी जपला. नेव्हरएंडिंग स्टोरीचा मिखाएल एंडे तर कोर्टात गेला आणि हरला. दुसरीकडे मियाझाकीने हाऊल्स मूव्हिंग कॅसलमध्ये पुस्तकात जेमतेम उल्लेख असलेलं युद्ध अख्खं उभं केलं तरी डायना विन जोन्सला तो आवडला. लेखक पण शेवटी एक वाचकच, जरा जास्त जवळचा.

आता एचबीओ हॅरी पॉटरची पुस्तकं परत पहिल्यापासून करतंय, यावेळी मालिका म्हणून, दहा एक वर्षं चालेल असा बेत आहे. नटांची नावं जाहीर झाल्यापासून पुन्हा केस, रंग, नाक यावर जुंपली आहे ती जुंपलीच आहे. मी त्यात पडणार नाही. पीव्हज आला तर आनंद आहे, नाही आला तरी चालेल, डोळे जांभळे असले तरी बघेन. तासांचं गणित यावेळी आड येणार नाही, त्यामुळे शेवटच्या सीझनला त्या हॉलमध्ये, सगळ्या लोकांच्या मध्ये, टॉम रिडलचं प्रेत जमिनीवर पडतं की नाही हे मला बघायचंय, आणि नाही पडलं तर मग मात्र मी पण लिहिणार आहे, भरपूर.